रदनिकेची गाडी

सकाळ झाली आहे. रात्री उज्जयिनीवर धो धो पाऊस पडून गेलाय आणि रस्ते अजून निथळताहेत. तुम्ही श्रेष्ठिचत्वरात, शेठसावकारांच्या वस्तीत उभे आहात. समोरचा वाडा एकेकाळी माणसांनी भरलेला असायचा. आता गिलावा सुटलाय, भिंतीला चोरानं पाडलेलं भगदाड आहे, आणि दारात तुम्हाला कोणी अडवत नाही. मालक चारुदत्त लोकांना देत देत कफल्लक झाला. आत या.

अंगणात एक पोर हटून बसलंय. हा रोहसेन, मालकाचा मुलगा. शेजारच्या घरच्या पोराकडे सोन्याची खेळण्यातली गाडी आहे. ती याला घटकाभर खेळायला मिळाली आणि मग ज्याची त्यानं परत नेली. तेव्हापासून याचा भोंगा चालू आहे. घरातल्या दासीनं, रदनिकेनं, याची समजूत काढायला मातीची गाडी करून दिली आहे. ती याला नको. याला सोन्याचीच पाहिजे.

शूद्रकाच्या ‘मृच्छकटिक’ नाटकाचा हा सहावा अंक. देवलांमुळे मराठी माणसाला हे नाटक परकं नाही. पुढे काय होतं ते तुम्हाला ठाऊक असेल. चारुदत्तावर जीव असलेली गणिका वसंतसेना पोराला जवळ बोलावते. ही तुझी आईच, असं रदनिका त्याला सांगते. मग हिच्या अंगावर इतके दागिने कसे, असं पोर विचारतं. ती रडते, एकेक दागिना उतरवते, मातीच्या गाडीत भरते आणि म्हणते, जा, याची सोन्याची गाडी करून घे. प्रेक्षक इथं डोळे पुसतात आणि पुसायलाच हवेत. पण मी तुम्हाला इथं आणलंय ते दुसऱ्याच कामासाठी. वसंतसेनेकडे थोडा वेळ पाहू नका. गुडघे टेका आणि गाडी बघा.

ती कशी केली हे शूद्रकानं लिहिलेलं नाही. पण मातीच्या गाडीची रीत हजारो वर्षं फारशी बदललेली नाही. माळव्याची काळी माती सुकताना भेगाळते, म्हणून तिच्यात वाळू नाहीतर भुसा मिसळावा लागतो. चाकासाठी गोळा घेऊन तळहातानं चपटा करायचा, पण मधोमध चिमटीनं उंचवटा ठेवायचा. हा चाकाचा तुंबा. तुंबा नसेल तर चाक आखावर डुगडुगतं. मग ओल्यातच काडीनं भोक पाडायचं आणि तेही आखापेक्षा जरा सैल ठेवायचं, कारण सुकली की माती आकसते आणि बेताचं भोक आखाला घट्ट धरून बसतं. हे सगळं रदनिकेला येत असणार. कडेवर रडणारं पोर आणि हात चिखलात, अशा अवस्थेत तिनं चाकं वळली असतील आणि ती फिरतात का हे जमिनीवर ढकलून पाहिलं असेल.

पोराला यातलं काही दिसत नाही. त्याला फक्त रंग दिसतो. मला मात्र या नाटकात सगळ्यात जवळची वाटते ती ही दासी. गाडी तिनं केली. वसंतसेनेचं प्रेम खरंच, पण तिनं गाडीत दागिने भरले, गाडी केली नाही. आणि दहा अंक संपले तरी ती सोन्याची गाडी काही घडत नाही. उलट तेच दागिने परत करायला निघालेल्या चारुदत्ताच्या मित्राकडून, मैत्रेयाकडून, भर न्यायसभेत खाली पडतात आणि चारुदत्तावरचा वसंतसेनेच्या खुनाचा आळ घट्ट होतो. पोराला खेळायला शेवटी मातीचीच गाडी उरली, आणि नाटकाला नावही तिचंच मिळालं.

बाहेर या. वाड्याच्या बाजूच्या दारापाशी आज गोंधळ आहे. चारुदत्ताचा गाडीवान बैठकीची गादी विसरला म्हणून गाडी घेऊन परत गेलाय. गावाकडच्या गाड्यांनी रस्ता अडलाय. राजाच्या मेव्हण्याचा गाडीवान स्थावरक आपली गाडी इथंच उभी करून कुणाचं तरी अडकलेलं चाक सोडवायला खाली उतरलाय. घाईत, चारुदत्ताची गाडी समजून, वसंतसेना त्याच्याच गाडीत बसते आणि पुढचा सगळा अनर्थ घडतो. नाटकाची आखणी म्हणून हे अफलातून आहेच. पण माझी नजर त्या चिखलात रुतलेल्या चाकावरून हटत नाही. दुसऱ्याचं चाक अडकलं की आपली गाडी सोडून खांदा लावायला जाणारा माणूस या शहराच्या रस्त्यावर तेव्हाही होता.

आता शतकं ओलांडा. १९३६ साल, लंडन. गर्नी नटिंग यांच्या कारखान्यात इंदूरच्या यशवंतराव होळकरांसाठी मोटार तयार होतेय. इंदूर उज्जैनपासून ५५ किलोमीटर. सांगाडा अमेरिकेतून आलाय, ड्यूसेनबर्ग मॉडेल एसजे: एका ओळीत आठ सिलिंडर, जवळपास सात लिटरचं इंजिन, वर सुपरचार्जर. कंपनीचा दावा ३२० अश्वशक्तीचा. याच ड्यूसेनबर्ग कंपनीच्या शर्यतीच्या गाड्यांनी १९२१ साली फ्रान्सची ग्रां प्री जिंकली होती आणि इंडियानापोलिसची पाचशे मैलांची शर्यत एकदा नव्हे, तीनदा मारली होती. होळकरांच्या गाडीचं बॉनेट इतकं लांब आहे की चालवणारा जवळजवळ मागच्या चाकांवर बसतो. बसायला जागा दोनच. रंग केशरी आणि काळा.

ती बघून तुमचा श्वास अडकणं साहजिक आहे. पण इथंही कारागिराकडे बघा. अशा कारखान्यात पत्रा साच्यातून निघत नाही. माणूस वाळूच्या पिशवीवर पत्रा धरतो, लाकडी हातोड्यानं ठोकत ठोकत त्याला बाक देतो, लाकडी चौकटीवर लावून पाहतो आणि पुन्हा काढून ठोकतो. सोन्याची गाडीसुद्धा कुणाच्या तरी हातांनीच होते.

खेळण्यातली सोन्याची गाडीही याच काळातली. १९२६ च्या सुमारास एत्तोरे बुगाटीनं आपल्या धाकट्या मुलासाठी, रोलांसाठी, आपल्या गाजलेल्या ‘टाइप ३५’ रेसिंग गाडीची निम्म्या आकाराची प्रतिकृती केली. ती बॅटरीवर चालायची. बापानं हौसेनं केलेली गाडी, पण कारखान्यात येणाऱ्या धनिक गिऱ्हाइकांनी ती पाहिली आणि आपल्या पोरांसाठी मागितली. अशा सुमारे पाचशे गाड्या निघाल्या. उज्जैन ज्यांच्या राज्यात होतं त्या शिंद्यांच्या ग्वाल्हेरच्या महालात तर जेवणाच्या टेबलावरून चांदीची आगगाडी फिरायची, पाहुण्यांपुढे थांबत थांबत. शेजारच्या पोराची गाडी नेहमीच अशी असते.

कॅलिफोर्नियातल्या पॅसाडेनाला फार वेळ थांबू नका, पण एक नजर टाका. १९५६. आर्ट इंगल्स दिवसभर कर्टिस क्राफ्टच्या कारखान्यात इंडियानापोलिसच्या शर्यतीच्या गाड्या घडवतो. घरी येऊन त्यानं गवत कापायच्या यंत्राचं इंजिन नळ्यांच्या चौकटीवर बसवलंय आणि मोठ्या मैदानाबाहेरच्या पार्किंगमध्ये तो ते फिरवतोय. गुडघे हनुवटीपाशी, बूड जमिनीपासून वीतभर उंचीवर. जगातली पहिली गो-कार्ट ती हीच. मोठ्या गाड्या करणाऱ्या माणसालाही छोटी करावीशी वाटली, हे मला फार आवडतं.

आणि आता परत उज्जैन. १९७४, मे महिन्यातली पहाट.

हिरा मिलच्या चाळीत एका मराठी घरापुढे चार पोरं उकिडवी बसली आहेत. मिल अजून चालू आहे, भोंगा अजून वाजतो. आगरला जाणारी छोटी रेल्वे अजून धूर काढत सुटते. (याच वर्षी तिकडे नगर जिल्ह्यात, प्रवरेकाठच्या दायमाबादला, एका माणसाला जमिनीत काशाचा रथ सापडतो. लांबी दीड फूटही नाही, दोन बैल जुंपलेले, मागे उभा गाडीवान. तो साडेतीन हजार वर्षांहून जुना आहे. या पोरांना त्याची खबर नाही.) पोरांपुढे एक फळी आहे, दोन आडवे दांडे आहेत आणि जुन्या फडक्यात बांधलेली चार बेअरिंगं. एकाचे वडील मिलमध्ये फिटर. मोटारीतून बदलून काढलेली, आवाज करायला लागलेली बेअरिंगं त्यांनी रॉकेलमध्ये धुऊन आणली आहेत. बाहेरच्या कड्यावर नंबर कोरलाय: ६२०५. म्हणजे आतलं भोक २५ मिलीमीटर, बाहेरचा व्यास ५२.

दांड्याचं टोक कानशीनं गोल करायचं काम चाललंय. सगळ्यात धाकटा उतावळा आहे. त्यानं टोकावर बेअरिंग ठेवून हातोडी उचललीच होती.

“अरे अरे, बाहेरच्या कड्यावर नको मारूस!” दारातून फिटरसाहेबांचा आवाज येतो. “आतल्या कड्यावर पाइपचा तुकडा ठेव आणि त्यावर मार. बाहेर मारलंस की आतल्या गोळ्या बसतात आणि गाडी मेली.”

“कळलं अण्णा.”

“कळलं म्हणू नकोस. पाइप आण.”

पुढचा दांडा फळीला एकाच नटबोल्टनं जोडलाय, मधोमध, म्हणजे तो दोन्हीकडे फिरेल. पाय त्यावर ठेवायचे आणि पायांनीच वळवायचं. हाताला धरायला सुतळी आहे, ती मुख्यतः धीरासाठी. नाकावर रॉकेलच्या डब्याचा पत्रा वाकवून बॉनेट केलंय, त्याला डालड्याच्या डब्याच्या झाकणाचा रेडिएटर. बाजूला चुन्यानं लिहिलंय ७. वर्तमानपत्रातला एक कागद पोरांनी घडी घालून खिशात ठेवलाय: मद्रासजवळच्या शोलावरमच्या धावपट्टीवर मोटारींची शर्यत असते, तिचा धुरकट फोटो. त्यातली एक गाडी सात नंबरची आहे. चाक, पत्रा, रंग, काहीच जुळत नाही. पण बॉनेटचा उतार बघा. पोरानं तो फोटो पाहून पाहून हुबेहूब उतरवलाय.

फ्रीगंजच्या पुलावर या वेळी टांगेही नाहीत. तुम्ही मागोमाग आलाच आहात, तर तुम्हाला काम लागणारच.

“काका, मागून धक्का द्या ना! पण हळू हं. याचा ब्रेक म्हणजे माझी चप्पल.”

द्या. दोन्ही हात फळीच्या कडेला लावा आणि पाच पावलं पळा. सहाव्या पावलाला फळी हातातून निसटते आणि आवाज सुरू होतो. लोखंडी कडी, खाली डांबर, मध्ये रबराचा लवलेश नाही. तो आवाज कानांतून आत शिरून दाढांपर्यंत जातो. पोर पाठ वाकवून, मान खाली घालून, त्या फोटोतल्या माणसासारखंच बसलंय. उताराच्या मध्यावर पुढचा दांडा थरथरायला लागतो. पायांनी वळवायची गाडी सरळ ठेवणं हे वळवण्यापेक्षा अवघड असतं. तो टाच रोवतो, रबर जळल्याचा वास तुमच्यापर्यंत येतो आणि गाडी पुलाखाली चामुंडामातेच्या चौकाच्या अलीकडे तिरकी होऊन थांबते. पुढचं डावं बेअरिंग निखळून गटाराकडे घरंगळत गेलंय. चारही पोरं आधी त्याच्यामागे धावतात, चालवणाऱ्याला लागलं का हे नंतर विचारतात. बरोबरच आहे. गुडघा आपोआप भरून येतो, ६२०५ पुन्हा मिळायला मिलमधली दुसरी मोटार बिघडावी लागते.

रदनिकेचं सैल भोक आणि अण्णांचा पाइपचा तुकडा. ज्ञान एकाच जातीचं.

हीच जात तुम्हाला २०२१ च्या अखेरीस सांगली जिल्ह्यात भेटते. कडेगाव तालुक्यातलं देवराष्ट्रे, यशवंतराव चव्हाणांचं जन्मगाव. तिथं दत्तात्रय लोहार यांनी भंगारातलं सामान जमवून, सुमारे ६० हजार रुपयांत, चारचाकी उभी केली आहे. मुलाला गाडी हवी होती आणि नवी घेण्याची ऐपत नव्हती. नाक जिपेचं, आणि इंजिन चालू करायला दुचाकीसारखी किक. तिच्यासमोर उभे राहा. रोहसेनाच्या अंगणात जे अडलं होतं ते इथं बापानं स्वतःच्या हातांनी सोडवलंय.

गाडीचा व्हिडिओ देशभर पसरला. आनंद महिंद्रांनी जाहीरपणे कौतुक केलं, नियमात बसत नसल्यानं ही गाडी आज ना उद्या अडवली जाईल असंही सांगितलं आणि बदल्यात नवी बोलेरो देऊ केली. जानेवारी २०२२ मध्ये बोलेरो दारात आली आणि घरची गाडी महिंद्रांच्या संशोधन केंद्राकडे गेली. शूद्रकाच्या नाटकात सोन्याची गाडी येतच नाही. इथं ती आली. कुटुंबाचा आनंद रास्त होता. मला मात्र जास्त मोलाचं वाटतं ते हे, की मोठमोठे अभियंते जिथं काम करतात तिथं ती किकवाली गाडी नेऊन ठेवावीशी वाटली.

आता तुमची पाळी.

आजचं उज्जैन, मक्सी रोडच्या औद्योगिक वसाहतीतलं एक शेड. भाड्यानं घेतलेला कोपरा, भिंतीला टेकवलेले चौकोनी पाइप, जमिनीवर खडूनं काढलेला पूर्ण मापाचा आराखडा. तुम्हाला करायची आहे होळकरांच्या ड्यूसेनबर्गची आठवण: केशरी-काळी, एका माणसाची, शंभर-सव्वाशे किलोंची. कॅलिफोर्नियातल्या एका कुटुंबानं काही दशकांपूर्वी अशा छोट्या गाड्यांचा छंद सुरू केला. त्याचे संकेत साधे आहेत: रूप १९२० - ३० च्या शर्यतीच्या गाड्यांचं, चाकं मोटारसायकलची सतरा इंची, इंजिन दोनशे सीसीच्या आसपासचं एका सिलिंडरचं. इथं ते इंजिन शेतीच्या सामानाच्या दुकानात मिळतं, पाण्याच्या पंपावर बसवलेलं. चाकं टीव्हीएस एक्सएलची घ्या, सोळा इंची. नशीब असेल तर भंगारात फिरोदियांच्या लूनाची मिळतील.

सायकलची चाकं स्वस्त आहेत म्हणून मोह होईल. टाळा. दुचाकी वळताना कलते, त्यामुळे तिच्या चाकावर भार नेहमी आऱ्यांच्या पातळीत येतो. चार चाकांची गाडी कलत नाही. वळणावर सगळा रेटा चाकाला आडवा बसतो आणि सायकलचं चाक क्षणात पापडासारखं मुरडतं. मोपेडच्या तारा जाड असतात, त्या सोसतात.

आणि उंच, अरुंद चाकं हीच जुन्या रेसिंग गाडीची ओळख आहे. गो-कार्टची बुटकी चाकं लावून वर कितीही सुंदर पत्रा चढवा, गाडी खेळण्यातलीच दिसते. चाक कमरेच्या जवळ आलं, बॉनेट लांब झालं आणि माणूस मागच्या आखाशी बसला, की बाकी काही नक्कल करावी लागत नाही. या तीन गोष्टी साधल्या तर तेलाच्या पंधरा किलोंच्या डब्यातून कापलेला रेडिएटरसुद्धा शोभतो. त्यासाठी ड्यूसेनबर्गचा प्रत्येक बोल्ट मोजत बसू नका.

पॉवर एकाच मागच्या चाकाला द्या, साखळीनं, मधे आपोआप पकडणारा क्लच. दोन्ही चाकांना दिलीत तर वळणावर आतलं आणि बाहेरचं चाक वेगवेगळं अंतर कापतं त्याचा निकाल लावायला डिफरन्शियल लागेल, आणि वजन, खर्च, डोकेदुखी तिन्ही वाढतील. ब्रेकवर मात्र पैसे वाचवू नका. आणि ही गाडी रस्त्यावर काढायची नाही, बंद मैदानावरच चालवायची. जोर करून पाहायची हौस असेल तर पीथमपूर दूर नाही. तिथं २००७ पासून इंजिनिअरिंगच्या पोरांनी स्वतः बांधलेल्या, दहा अश्वशक्तीच्या गाड्या चिखलातून हाणल्या आहेत. पलीकडेच २०२१ मध्ये सुरू झालेला ११.३ किलोमीटरचा वेगवान चाचणी मार्ग आहे. ती मोठ्यांची दुनिया. तुमच्या गाडीत डोळे जमिनीपासून तीन फुटांवर असतात, तेव्हा ताशी चाळीस किलोमीटरलाही पोटात गोळा येतो.

सगळ्यात नाजूक काम स्टिअरिंगचं. वळताना आतल्या चाकानं बाहेरच्यापेक्षा जास्त वळायला हवं, कारण त्याचं वर्तुळ लहान असतं. त्याची युक्ती दोरीनं जमते. पुढच्या चाकाच्या खिळीपासून मागच्या आखाच्या मध्यापर्यंत दोरी ताणा. स्टिअरिंगचा दांडा ज्या हातावर बसतो तो हात बरोबर या दोरीखाली आला पाहिजे. दोन्ही बाजूंना तसंच. वेल्डरला हे समजावताना तो मान हलवेल आणि पट्टी सरळच लावेल. त्याच्याजवळ उभं राहा, दोरी धरून ठेवा आणि पहिला टाका तुमच्या डोळ्यांदेखत पडू द्या.

रंग अजून द्यायचाय. केशरी डबा उघडलेला नाही. पण चारही चाकं जमिनीवर टेकली आहेत आणि शेजारच्या शेडमधला पोरगा टेपचं दुसरं टोक धरून उकिडवा बसलाय. त्यानं दोन वेळा विचारून झालंय की हिला इंजिन कधी बसणार. आधी चाकं पाहू, असं त्याला सांगा. आखाच्या उंचीवर पुढच्या बाजूनं रिमपासून रिमपर्यंत माप घ्या: ९१२ मिलीमीटर. मागच्या बाजूनं: ९१९. चाकं पुढे जरा आत वळलेली हवीत, पण तीनच मिलीमीटर. सात म्हणजे टायर घासत राहतील. लॉकनट सैल करा, टायरॉड अर्धा फेरा फिरवा आणि टेप पुन्हा लावा.